दोनशे बार आणि सुकटीचा डबा

आमच्या घरात भात दोन फुस्सांत शिजत असे आणि कुळथाची पिठी एका. नुसतं एवढं वाचून कोणाला काही उमगणार नाही, म्हणून जरा उलगडून सांगते. आमच्या मागच्या पडवीत बाबांचा कॉम्प्रेसर चालायचा. तो हवा दाबायचा, दाबलेल्या हवेतून पाणी सुटायचं आणि ते पाणी दर दहा मिनिटांनी एक छोटी चावी फिरवून बाहेर सोडावं लागायचं. चावी फिरवली की फुस्स असा आवाज यायचा, तो पार कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे जायचा. लोडशेडिंग संपून अकराला वीज यायची, तेव्हाच आईचा स्वयंपाक आणि तेव्हाच बाबांचं यंत्र. महिन्याभरात आईने स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढून टॉर्चला घातला. म्हणाली, "दोन दोन घड्याळं हवीत कशाला?"

बाबा बोटीवर सेकंड इंजिनियर होते. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यात डावा कान गेला आणि नाकही गेलं, कसलाच वास येईना. नाक गेल्याचं कंपनीला कधी कळलं नाही, पण कान गेल्याचं डॉक्टरच्या मशीनला कळलं, आणि बाबांना कायमचं घरी पाठवलं. वय एक्कावन्न. पहिले आठ महिने ते पुढच्या ओसरीवर खुर्चीत बसून होते. पेपर उघडायचे, पण पान उलटायचे नाहीत. समोरून रिक्षा गेली की फक्त तिचं इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "व्हॉल्व्ह गेलेत." दिवसभरातलं त्यांचं बोलणं एवढंच. आई मला न्हाणीघरात ओढून हलक्या आवाजात म्हणायची, "नंदे, हा माणूस खुर्चीत विरघळत चाललाय गो. काहीतरी कर." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मी काय करणार होते? मीही रडायचे, आणि आम्ही दोघी डोळे पुसून बाहेर यायचो. बाबांना वाटायचं आम्ही कांदा कापत होतो. न्हाणीघरात.

कॉम्प्रेसर आला तो इब्राहिमचाचांकडून. ते आमच्या शेजारचे, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. आखातात पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या एका कंपनीत ते वीस वर्षं हवेच्या बाटल्या भरत होते. परत येताना तिथलं एक छोटं यंत्र बोटीतून घेऊन आले, कारण त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरायला शिकवायचा क्लास काढायचा होता. पाटी रंगवून झाली. क्लासला एकही माणूस आला नाही. रत्नागिरीत पाण्याखाली जाऊन बघण्यासारखं काय आहे, असं लोक त्यांना तोंडावर विचारायचे. मग ते यंत्र त्यांच्या पडवीत रेक्झिनच्या आवरणाखाली पडून राहिलं आणि त्यावर त्यांची लाल कोंबडी अंडी घालू लागली.

इकडे मी कॉलेजच्या मुलींबरोबर मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नेमबाजीला जात होते. तिथली एक बंद पडलेली शेड मालकाने आमच्या क्लबला वापरायला दिली होती. सावंतसर, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आम्हाला दहा मीटरवर छर्रे मारायला शिकवायचे. त्या वर्षी क्लबला एक नवी बंदूक एका हंगामासाठी मिळाली. तिच्यात नळीखाली हवेची छोटी बाटली बसवलेली, आणि त्या बाटलीत हवा हवी दोनशे बार. सायकलच्या टायरात तीन-चार बार असते, यावरून अंदाज करा. भरून मिळायची ती पुण्याला. म्हणजे बंदूक रत्नागिरीत आणि तिचा श्वास पुण्यात. शिवाय अट अशी होती की पावसाळ्यातल्या पुण्याच्या स्पर्धेत आमच्यापैकी कोणीतरी चारशेपैकी तीनशे पंचाहत्तर करायचे, नाहीतर बंदूक परत.

मी हे घरी जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातात राहिला. "दोनशे?" ते म्हणाले. आठ महिन्यांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. हात न धुताच ते इब्राहिमचाचांकडे गेले. चाचांनी कोंबडी उचलली, आवरण काढलं आणि म्हणाले, "घेऊन जा बाबा. नायतर ही मेली येक दिस यंत्रच उबवील."

त्या दिवसापासून आमचं घर बोट झालं. बाबांनी ट्रंकेतून जुना बॉयलर सूट काढला, पोट आत घेऊन चढवला आणि संबंध यंत्र खोलून पडवीत जुन्या चादरीवर मांडलं. तीन पिस्टन: एक वाटीएवढा, एक लिंबाएवढा, एक बोटाएवढा. पहिला हवा दाबून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसऱ्याकडे येईपर्यंत हवेची फार वाईट अवस्था झालेली असते, असं ते मला समजवायचे. त्यांच्या आवाजात त्या हवेबद्दल खरीखुरी कणव असायची. तेल ठरावीकच, बोटीवरच्या मित्राकडून मागवलेलं. दुसरं कुठलंही तेल यंत्राजवळ आलं तर स्फोट होईल, म्हणून केसांना खोबरेल लावून पडवीत यायला आईला बंदी. आईने आयुष्यात एक दिवसही केस कोरडे ठेवले नव्हते, तेव्हा ती वाळत घालायचे कपडे दारातून फेकायची आणि मी झेलायचे.

रोज अकराला यंत्र सुरू व्हायचं. बंदुकीला एवढी हवा लागतच नव्हती, पण यंत्र उभं राहिलं की आजारी पडतं, असं बाबांचं म्हणणं. मग बंदुकीची बाटली जिच्यातून भरायची ती मोठी बाटली पाऊण तासात भरायची, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली हवा सोडून अंगणातला आंब्याचा पाचोळा उडवायचा. बाटली भरताना ते मला शेजारी बसवायचे. "हळू भर. घाई केलीस की बाटली तापते, आणि तापली की काटा खोटं बोलतो." हे वाक्य मी पुढे संसारातही वापरलं आहे, फार ठिकाणी लागू पडतं. सगळं झालं की ते एका जाड वहीत लॉग लिहायचे: वेळ, दाब, तापमान, काढलेलं पाणी आणि शेवटी शेरा. लॉगला हात लावायची कोणाची टाप नव्हती. लिहून झालं की वही ट्रंकेत आणि किल्ली कमरेला.

हवा शुद्ध हवी, हा त्यांचा दुसरा ध्यास. यंत्राचं नाक पडवीत ठेवलं तर ते स्वयंपाकघरातला धूर ओढणार, म्हणून त्यांनी पीव्हीसीचा पाइप भिंतीवरून, कौलांवरून नेऊन माडाला बांधला आणि टोकाला आईची चहाची गाळणी बसवली. शेजारची माणसं वर बघून विचारायची, माडी काढताय का? एकदा दुपारी दाब जरा जास्त चढला आणि यंत्राची सुरक्षेची चकती फुटली. असा काही बार झाला की अख्खी आळी बाहेर आली. कोणी म्हणे सिलिंडर, कोणी म्हणे ट्रान्सफॉर्मर. बाबा बॉयलर सूटमध्ये शांतपणे फाटकापाशी गेले आणि जाहीर केलं, "सेफ्टीने आपलं काम केलं. आनंदाची गोष्ट आहे." लोक अभिनंदन करावं की शिव्या द्याव्यात या विचारात घरी गेले. त्या रात्री बाबा दोन भाकऱ्या जास्त जेवले. आई मला हळूच म्हणाली, "फुटेना का रोज. माणूस परत आला माझा."

यंत्राला एक गाळणी असते. तिच्या नळकांड्यात पाणी शोषणारे दाणे आणि वास शोषणारा कोळसा भरलेला असतो. मेमध्ये कोळसा संपला. मुंबईहून मागवलेला येईना. बाबांनी वाचलं होतं की हा कोळसा मुळात नारळाच्या करवंटीचा करतात. ते हसत सुटले. "करवंट्या? रत्नागिरीत?" (आज कोणी यंत्रात घरचा कोळसा घालायला निघालं तर मी त्याचा हात धरीन. पण तेव्हा बाबांचा हात धरायची माझी ताकद नव्हती.) त्यांनी आईला विचारलं, "अगो, करवंटीचा कोळसा आहे का कुठं? चांगला सुका हवा." आई म्हणाली, "आहे की." आणि तिने डबा आणून दिला.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. मेअखेरीस आगोटीची बेगमी करायची, म्हणजे पावसात मासे मिळत नाहीत म्हणून सुकट, सोडे, सुके बोंबील डब्यांत भरून ठेवायचे. दमट हवेने ते लोळागोळा होतात म्हणून आई प्रत्येक डब्याच्या तळाशी करवंटीच्या कोळशाचे तुकडे घालायची. घरातला सर्वांत सुका कोळसा तोच. गेल्या वर्षीच्या सुकटीच्या डब्यातला. वर्षभर सुकटीखाली झोपलेला. तिने तो विचार न करता दिला, बाबांनी धुतला, वाळवला, कुटला, चाळला आणि नळकांड्यात भरला. त्यांना नाक नव्हतं आणि आईला त्या वासाचं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी पहिला छर्रा सोडला. सावंतसर खुर्चीत ताठ झाले. "डब्यात सुकट कोणी आणलीय रे?" कोणीच आणली नव्हती. मी दुसरा सोडला. प्रत्येक छर्ऱ्याबरोबर नळीच्या तोंडातून चिमूटभर वास बाहेर यायचा, आणि बंद शेडमध्ये साठत जायचा. दहाव्याला माझ्या शेजारची वर्षा म्हणाली, "नंदू, भूक लागली गो."

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला आणि मग माझा दंड घट्ट धरला. "ह्यांना सांगायचं नाय." मी म्हटलं, अगं पण. "नाय म्हणजे नाय. त्या माणसाला वाटतंय जगातली सगळ्यात शुद्ध हवा आपण बनवतो. त्याला सांगणार तू, की तुझ्या हवेला सुकटीचा वास येतोय, आणि तो तुला कळत नाय? परत खुर्चीत जाऊन बसेल." ते खरं होतं. मी सावंतसरांना सगळं सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि क्लबमध्ये फर्मान काढलं: बंदुकीच्या वासाबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. बाबा मोठी बाटली घेऊन स्कूटरवरून शेडवर यायचे, तेव्हा आठ मुली आणि एक हवालदार तोंडाने श्वास घेत त्यांचं स्वागत करायचे. "हवा कशी आहे?" बाबा विचारायचे. "एकदम फ्रेश, काका," सगळे म्हणायचे. बाबांची छाती दोन बोटं पुढे यायची.

तशी आमची फसवाफसवी सुरळीत चालली होती आणि माझे गुणही वाढत होते. पण पुण्याला या वासानिशी जायचं माझ्या जिवावर आलं. मी बाबांच्या मुंबईतल्या मित्राला एसटीडी बूथवरून फोन करून कोळशाची रड सांगितली. जुलैत पुडकं आलं. मी ते बाबांपुढे ठेवून म्हटलं, "स्पर्धेसाठी हा ओरिजिनल घाला ना." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि घातला. वास गेला. गुणही गेले. तीनशे अडुसष्ट, तीनशे सहासष्ट. हात थरथरायचा. मला वाटलं, स्पर्धा जवळ आली म्हणून. मी चिडले, रडले, आईवर वैतागले. पुण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी बाटल्या स्वतः भरल्या. मी पडवीत गेले तर म्हणाले, "तू आराम कर. आज मी एकटा बघतो."

सकाळच्या एसटीने निघालो. बंदुकीची सुटी बाटली बाबांनी टॉवेलात गुंडाळून बाळासारखी मांडीवर घेतली होती. कंडक्टरने विचारलं, "काका, गॅस काय?" बाबा म्हणाले, "हवा." त्याने टॉवेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पुण्यात हवा नाय काय?" "आहे," बाबा म्हणाले, "पण आपल्यासारखी नाय."

पुण्याचा हॉल मोठा, खिडक्या बंद, माणसं कुजबुजत बोलणारी. सरावाचे छर्रे सुरू झाले. मी निर्धास्त होते, गाळणीत मुंबईचा कोळसा होता. मी घोडा ओढला, टप्प आवाज झाला, आणि माझ्या नाकाशी सुकट आली. मला वाटलं भास. दुसरा सोडला. सुकट. नुसती सुकट नाही, आईची सुकट, कोकम घातलेली. कसं शक्य आहे? मागे जाळीपलीकडे बाबा लॉगची वही मांडीवर घेऊन ताठ बसले होते.

सहा-सात छर्रे झाल्यावर शेजारची मुलगी बंदूक खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे काहीतरी मेलंय." पंचबाई आल्या. दोन शिपाई आले. माझ्या टेबलाखालचं कापड उचलून उंदीर शोधला. मग तिच्या टेबलाखाली. एकाने कोपऱ्यातली कचऱ्याची बादली बाहेर नेली. शेवटी एक पंच, जाड चष्म्याचे, माझ्या नळीपाशी वाकले, हुंगलं, आणि अशा नजरेने मला बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "हा वास कसला?" बाबा जाळीशी येऊन उभे राहिले होते. उजवा कान पुढे करून. खरं सांगितलं तर वासाचा ठपका माझ्यावरून जाणार होता आणि पडवीतला माणूस परत ओसरीवरच्या खुर्चीत. मी म्हटलं, "मला येत नाही. सर्दी आहे."

पंचांनी बाबांना आत बोलावलं. "बाटलीत काय भरलंय?" "हवा," बाबा म्हणाले, "रत्नागिरीची." आणि वही उघडून पुढे धरली. दाब, तापमान, काढलेलं पाणी, ओळीने रोजच्या रोज. शेऱ्याच्या रकान्यावर त्यांनी अंगठा ठेवला होता. तिघे पंच वहीवर वाकले, मग नियमांच्या पुस्तकावर वाकले. बाटलीत किती दाब असावा ते लिहिलं होतं. वासाबद्दल काहीच नव्हतं. अर्धा तास चर्चा करून त्यांनी मला सर्वांत टोकाच्या जागेवर हलवलं, डोक्यावरचा पंखा बंद करून शेजारची खिडकी उघडली आणि गेलेली वेळ भरून दिली.

तिथे मी एकटी. आता काय लपवायचं? सगळ्या हॉलला वास कळला होता. पहिला छर्रा सोडला आणि तो वास आला, तशी मला अकराची पडवी दिसली. फुस्स ऐकू आलं. आई दारातून कपडे फेकतेय, भात शिजतोय, बाबा काट्याकडे बघत म्हणतायत, हळू. माझा हात थांबला. मी घोडा ओढला की वास यायचा, वास आला की हात थांबायचा, आणि असे चाळीस छर्रे गेले. तीनशे सत्त्याहत्तर. बंदूक आमचीच राहिली. परतीच्या एसटीत मी बाबांना म्हटलं, "वासाचं काय झालं असेल हो?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुण्यातली ड्रेनेज लाइन. व्हॉल्व्ह गेला असणार."

यंत्र पुढे सहा वर्षं चाललं. नंतर पिस्टनच्या रिंगा मिळेनाशा झाल्या, पण तोवर बाबांना आजूबाजूच्या क्लबांतून यंत्रं दुरुस्त करायला बोलावणी येऊ लागली होती आणि खुर्चीत बसायला त्यांना सवड नव्हती. ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. इब्राहिमचाचा त्यांच्याआधी गेले. त्या काळात आईचे केस जितके पांढरे होते त्याहून माझे आज जास्त आहेत, आणि अकरा वाजले की माझे कान अजून पडवीकडे जातात. बाबांना सुकटीचं कधीच कळलं नाही, या समाधानात आई आणि मी वीसेक वर्षं काढली. सणासुदीला आम्ही दोघी त्यावरून हसायचो, ते झोपलेत ना ते बघून.

गेल्या महिन्यात ट्रंक उघडली. लॉग वर होता. आई शेजारी पाटावर बसली होती, तिला आता दिसत नाही नीट, म्हणून मी वाचून दाखवू लागले. दाब, तापमान, पाणी. मग पहिल्यांदाच शेऱ्याच्या रकान्यावर माझी नजर गेली.

"मे. घरचा कोळसा घातला. गाळणीत सुकटीच्या मिशा आढळल्या. इब्राहिमकडून वास तपासून घेतला. सुकटच. मंडळींना न सांगण्याबद्दल त्याला बजावलं."

मी पुढे वाचलं. त्याच रकान्यात रोजच्या दाबाच्या पुढे माझे गुण लिहिलेले होते.

"जून. घरचा कोळसा. ३७१, ३७४, ३७९. जुलै. मुंबईचा कोळसा. ३६८, ३६६. पोरीचा हात थरथरतो. पुण्यासाठी घरचा परत घातला. पोरीने पंचांना सर्दी असल्याचं सांगितलं. सर्दी नव्हती. का सांगितलं ते समजलं."

"एवढंच?" आईने विचारलं. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना.

खाली एक ओळ होती, लाल शाईने, बोटीवर धोक्याच्या सूचना लिहितात तशी अधोरेखित केलेली. ती मी वाचली.

"हवेबद्दल घरच्यांना माझी काळजी वाटते. त्यांचं मन मोडू नये. कोळसा बदलू नये."